उरलेला शब्द

चमच्याच्या कडेला पेजेचा एक थेंब लोंबत होता… पडतोय, राहतोय, पडतोय… आणि तो पडायच्या आत चमचा अण्णांच्या ओठांपर्यंत पोचतो की नाही, एवढ्यावरच रंगनाथचं सगळं लक्ष खिळलं होतं. थेंब पडला. अण्णांच्या बंडीवर, दुसऱ्या गुंडीजवळ. त्याने तो पंच्याने टिपला, अगदी हलक्या हाताने, कारण दाराशी अण्णांचे चुलतभाऊ कानिफकाका पान जमवत बसले होते आणि त्यांचं लक्ष इकडेच होतं.

"बा," अण्णा म्हणाले.

रंगनाथ पुढे झुकला. हनुवटी थोडी खाली, डोळे समोरच्याच्या डोळ्यांत, हात मोकळे. असंच झुकायचं असतं. प्रशिक्षण केंद्रावर नव्याने भरती झालेल्या ग्रामसेवकांना तो हेच शिकवत असे. विषयाचं नाव 'लोकसंपर्क', आणि त्यातला पहिला महिना नुसता ऐकण्याचा. यंदा ही पोरं दुष्काळी गावांत जायची होती, लोक त्यांच्यापुढे गाऱ्हाणी घेऊन येणार होते, म्हणून तो फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायचा : मधे बोलू नका. समोरच्याचं वाक्य तुम्ही पुरं करू नका. जे ऐकलं ते आपल्या शब्दांत परत सांगा आणि विचारा, असंच म्हणायचंय ना तुम्हाला?

"बा… बा…"

बाहेर. अण्णांना बाहेर जायचं होतं. चैत्रातली सकाळ होती, ऊन तापायला अजून तासभर अवकाश होता, अंगणात लिंबाखाली बाज टाकून त्यांना नेऊन निजवलं की झालं. त्यांची नजर दाराकडे होती, डावा हात दाराकडे होता. दगडालाही कळलं असतं.

"बाजरीची आहे का विचारताय?" रंगनाथ म्हणाला. "नाही अण्णा, तांदळाची पेज आहे. बाजरी तुम्हाला पचत नाही आता. हेच विचारत होता ना?"

अण्णांची मान हलली. ती सारखीच हलायची. गेल्या दिवाळीच्या तोंडाला अंगावरून वारं गेलं तेव्हापासून मानेला कंप होता. त्याला होकार म्हणायचं की नकार, हे विचारणाऱ्याच्या हातात.

"काय कान दिलेत बाबा देवानं तुला," कानिफकाका पानाला चुना लावत म्हणाले. "आमाला काय बी उमगत न्हाई. नुस्तं बा, नुस्तं पा. तू हायेस म्हनून म्हाताऱ्याचं चाललंय."

अण्णांचे डोळे रंगनाथवर येऊन थांबले होते. त्या डोळ्यांना काही झालेलं नव्हतं. अंगाची उजवी बाजू गेली, जीभ गेली, शब्दाचं फक्त पहिलं अक्षर तेवढं ओठांबाहेर यायचं आणि बाकीचा शब्द आतच अडकून राहायचा, पण डोळे पूर्वीचेच होते. त्या डोळ्यांत शब्द पुराच्या पुरा दिसायचा. रंगनाथला तो नेहमीच दिसायचा.

पहिल्यांदा खरोखरच चूक झाली होती. हे तो स्वतःला पुन्हा पुन्हा सांगे. वारं गेल्यावर पंधरा दिवसांनी अण्णा असंच 'बा' म्हणाले होते आणि त्याला वाटलं, डोकं दुखतंय, बाम मागतायत. त्याने कपाळाला बाम चोळला. थोडा डोळ्यांत गेला. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते म्हणत राहिले, बा, बा, आणि तो चोळत राहिला… आणि मग एकाएकी त्याच्या ध्यानात आलं की यांना बाहेर जायचंय. हात थांबायला हवा होता. तो थांबला नाही. छातीत काहीतरी ऊबदार पसरत गेलं, थंडीत शेकोटीजवळ बसल्यासारखं, आणि त्याने विचारलं होतं, "अजून थोडा लावू का, अण्णा?"

तो आठ वर्षांचा असतानाची गोष्ट. देवळाच्या पारावर मंडळी बसलेली, श्रीरामपूरकडचे कोणी पाहुणे आलेले, आणि पाहुण्यांनी सहज विचारलं, बाळ, नाव काय तुझं? अण्णा म्हणाले, सांग. र… तो म्हणाला, र… र… जीभ टाळूला चिकटलेली, मानेच्या शिरा ताणलेल्या, पाराखालच्या कुत्र्यानेसुद्धा वर बघितलं. आणि अण्णा — आसाराम पंच, ज्यांच्या शब्दापुढे गावात कोणी बोलत नसे — अण्णा पुढे झुकून, अगदी लक्षपूर्वक ऐकत असल्यासारखं करून म्हणाले होते, "काय? रताळं? रताळं म्हन्तोस व्हय?" पार हसला. पाहुणे हसले. जीभ सुटेपर्यंत, पुढची सात-आठ वर्षं, तो गावात रताळं होता. त्या दिवशी हसलं नव्हतं फक्त एक माणूस. चांगुणाआक्का. त्याची थोरली बहीण, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी, डोक्यावर घागर घेऊन पारावरून चालली होती, थांबली आणि म्हणाली, "रंगनाथ म्हनतोय त्यो. रंगनाथ नाव हाय त्याचं." तिथून पुढे ती त्याची जीभच झाली. त्याला भूक लागली की ती सांगायची, मास्तरांनी मारलं की ती सांगायची, तो नुसता पहिलं अक्षर काढायचा आणि बाकीचा शब्द ती पुरा करायची, बरोबर तोच. एकदाही चुकली नाही. याबद्दल त्याला तिचा जीव ओवाळून टाकावा इतका लळा होता, आणि… हे तो स्वतःलाही क्वचितच सांगे… आणि रागही होता. आपलं तोंड दुसऱ्याच्या तोंडात असण्याचा राग.

"पेज संपली का?" गोजराने, त्याच्या बायकोने, आतून विचारलं. तो उत्तर देणार तोच अंगणात कोणीतरी उभं राहिल्याची सावली दारात पडली.

आक्काच होती.

बारा वर्षांनी. त्याने ओळखलं ते उभं राहण्यावरून. चेहरा ओळखण्यासारखा राहिला नव्हता. उन्हाने काळी पडलेली, हनुवटीची हाडं वर आलेली, हातात एक गाठोडं, आणि पाय उंबऱ्याच्या बाहेर. आत ये, असं त्याने म्हणायला हवं होतं. त्याच्या मनात शब्द तयार होता. पण त्याच्या तोंडून 'आक्का' एवढंच निघालं, आणि पुढचं म्हणाली गोजरा, आक्काला आजवर न पाहिलेली, "आक्का, बाहीर का उभ्या? आत या की."

"पह्यल्यांदा रंगनाथाशी बोलते," आक्का म्हणाली. "मंग आत."

दोघं पडवीत बसली. गोजराने तांब्याभर पाणी आणून ठेवलं आणि ती दाराच्या कडेला तांदूळ निवडत बसली. आक्का एका दमात तांब्या प्याली. तिच्या तळहातांना भेगा होत्या, एका अंगठ्याचं नख निघून गेलं होतं. तो पुढे झुकला. सवयीने. हनुवटी खाली, डोळे डोळ्यांत, हात मोकळे.

"कार्तिकात मालक गेले. ताप आला अन् आठ दिसांत गेले."

"आठ दिवसांत गेले," तो म्हणाला.

"दीर म्हन्ला, वैनी, आता तुमचं तुमी बघा. औंदा आमच्याकडं प्यायला पानी न्हाई, त्याचं तरी काय चुकलं? शेवगावच्या रस्त्याला काम निघालंय. खडी फोडते. रातच्याला तिथंच कडंला पडते समद्या बायांसंगं."

"तिथेच झोपतेस."

"व्हय. मागं इथं आलते… ते ध्येनात हाय ना तुझ्या?"

होतं. तो वीस वर्षांचा होता, अण्णांच्या शेजारी पाटावर जेवत होता. आक्का अशीच उंबऱ्याबाहेर उभी राहिली होती, पाठीवर वळ घेऊन, आणि सांगत होती. नवरा कसा मारतो, सासू कशी कोंडून घालते. अण्णा जेवत होते. त्यांनी घास थांबवला नाही, वर बघितलं नाही. आक्काचं सांगून संपलं तेव्हा त्यांनी ताटात पाणी ओतलं, हात धुतला आणि म्हणाले, "झालं बोलून? नीघ. रात व्हायच्या आत पोच." एवढंच. रंगनाथच्या तोंडात एक अक्षर आलं होतं. र… राहू द्या तिला, असं काहीतरी त्याला म्हणायचं होतं. ते अक्षर तो घासाबरोबर गिळून बसला. आक्काने त्याच्याकडे एकदा पाहिलं होतं. त्याचा शब्द नेहमी पुरा करणारी आक्का, आणि त्या दिवशी तिला स्वतःलाच कोणीतरी हवं होतं.

"त्या टायमाला पोटात हुतं माझ्या," आक्का म्हणाली. "सांगायची लाज वाटली अण्णांसमोर. ते बी न्हाई ऱ्हायलं पुढं."

"म्हणजे तेव्हा तू पोटुशी होतीस," तो सावकाश म्हणाला, "आणि ते राहिलं नाही."

त्याचा आवाज छान होता. मऊ, खालच्या पट्टीतला, केंद्रावरची पोरं नक्कल करायची तो. आक्काच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिने पदराने नाक पुसलं आणि ती हसली.

"बरं वाटलं रं. कुनी ऐकतच न्हाई बग. तू ल्हानपनापास्नंच ऐकनारा. आता मास्तर झालास त्यातला."

आणि आपण काय ऐकलं? — त्याच्या मनात आलं. शब्द न् शब्द ऐकला होता, विचारलं तर क्रमाने सांगता आला असता. पण तो कुठे पोचलाच नव्हता, कानातल्या एका खोलीत नीट रचून ठेवला होता, बस्स. आत सगळं थंडगार होतं आणि त्या थंडीचं त्याला जरासं नवलच वाटत होतं.

"माझं एकच हाय," आक्का सांगत होती. "हितं ऱ्हाईन म्हन्ते. गोजराला काम करू लागीन, अण्णांचं करीन. पर अण्णांनी म्हनाया पायजे. त्यांनी हाकललं, त्यांच्याच तोंडानं ऱ्हा म्हनाया पायजे. नसंल म्हनायचं तर जाते, मंग परत न्हाई यायची. बोलता येत न्हाई त्यांना, ठावं हाय मला. पर तुला कळतं म्हन्तात समदं."

मी म्हणतो ना, राहा. एवढंच म्हणायचं होतं. घर त्याचं होतं, शेत त्याच्या नावावर झालं होतं, कोणाला विचारायचं कारण नव्हतं. तो म्हणाला, "बघू या, अण्णा काय म्हणतात."

ती आत आली, अण्णांनी तिला बघितलं आणि त्यांचा डावा हात उचलला गेला. असा उचललेला त्याने सहा महिन्यांत पाहिला नव्हता. आक्का बाजेशेजारी जमिनीवर बसली, तिने डोकं टेकलं, आणि अण्णांच्या हाताला तिचा पदर लागला तसा त्यांनी तो मुठीत धरला. घट्ट. तोंड वाकडं झालं, गळ्याची घाटी वरखाली झाली, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली.

"रा," अण्णा म्हणाले.

कानिफकाकांनी पान चघळायचं थांबवलं. गोजरा तांदळाचं सूप घेऊन दारात उभी होती.

"रा… रा…"

ऱ्हा. अण्णांच्या डोळ्यांत तो शब्द असा लखलखीत उभा होता की रंगनाथला वाटलं, सगळ्यांनाच तो दिसत असेल, आता कोणीतरी म्हणेल. कोणी म्हणालं नाही. सगळे त्याच्याकडे बघत होते. आक्काही त्याच्याकडेच बघत होती, तोंड अर्धवट उघडं ठेवून, एखादं पोर खाऊकडे बघतं तशी. आणि अण्णा… अण्णाही आता त्याच्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. आसाराम पंच विनवत होते. सांग रे, माझा शब्द पुरा कर, आजच्या दिवस कर.

तीच ऊब. छातीतून गळ्यापर्यंत. आक्काचं काय? — कोणीतरी आतून विचारलं, अगदी हळू. पण तो आक्काकडे बघतच नव्हता, त्याला फक्त तो म्हातारा दिसत होता, पारावर पुढे झुकलेला, लक्षपूर्वक ऐकणारा.

"रात," रंगनाथ म्हणाला.

त्याने अण्णांच्या तोंडाशी कान नेला, मान हलवली.

"रात व्हायच्या आत पोच, म्हणतायत."

वाक्य अण्णांचंच होतं, शब्दही त्यांचेच, बारा वर्षांपूर्वीचे. म्हणून आक्काला शंका घ्यायला जागाच उरली नाही. तिने ते ओळखलं. ओळखीच्या जागी मार बसावा तसा तिचा चेहरा एकदा आत ओढला गेला आणि मग सरळ झाला.

"हंऽ… रा! रा!" अण्णा ओरडत होते. बाज हलत होती. मान हलत होती, होकारासारखी, नकारासारखी.

"हो, हो, सांगितलं अण्णा तिला," तो त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला. "कळलं तिला. चिडू नका."

आक्का उठायला गेली तर पदर सुटेना. तिने गोंधळून रंगनाथकडे पाहिलं. "हात सोडीनात."

"मूठ आपोआप वळते त्यांची. डॉक्टर म्हणाले होते. त्यात काही नसतं." आणि त्याने वाकून अण्णांची बोटं एकेक करून उघडली. करंगळी, अनामिका. मधल्या बोटात अजून ताकद होती, केवढी ताकद होती, त्याला दोन्ही हात लावावे लागले. शेवटी अंगठा. अंगठ्याचं नख त्याच्या तळहातात रुतलं आणि तिथे राहिलं.

"मरायला टेकला तरी पीळ ग्येला न्हाई," कानिफकाका पुटपुटले आणि बाहेर जाऊन थुंकले.

आक्का उंबऱ्याशी थांबली. "तुला नीट कळलं ना रं?" तिने विचारलं, तक्रार म्हणून नव्हे, नुसतं विचारायचं म्हणून.

"माझं कामच आहे ते, आक्का."

"व्हय," ती म्हणाली. "जपून ऱ्हावा समदी." गोजराने घाईघाईने दोन भाकऱ्या फडक्यात बांधून आणल्या, त्या तिने घेतल्या. यष्टीपर्यंत येतो म्हणाला तर नको म्हणाली. ती ओढ्याच्या वळणापर्यंत दिसत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि हाक मारायला अजून वेळ होता, बराच वेळ होता, वळण येईपर्यंत शंभर एक पावलं तरी. तो ती पावलं बघत राहिला.

ती दिसेनाशी झाल्यावर घरातून आवाज आला. अण्णांचा. त्यात एकही अक्षर नव्हतं. गाय गाभडल्यावर ओरडते तसा, लांबच लांब, मधे श्वास न घेता. कानिफकाका वहाणा घालून निघून गेले. जाताना त्यांनी रंगनाथकडे एकदा निरखून पाहिलं… की तसं वाटलं फक्त? मग आवाज थांबला. रंगनाथ आत गेला तेव्हा अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. त्याने विचारलं, पाणी हवंय का. पुन्हा विचारलं. पुढे झुकला. थांबला. त्यांच्याकडून पहिलं अक्षरसुद्धा आलं नाही. दुपारी नाही, चारला चहा घेऊन गेला तेव्हाही नाही. पुरा करायला शब्दच नव्हता. त्याला बाजेशेजारी ताटकळत बसल्यासारखं वाटायला लागलं. एखादं तरी 'बा', एखादं तरी 'पा'. आत्ता म्हणाले तर मी बरोबर सांगेन, त्याच्या मनात आलं, खरंच बरोबर सांगेन. पण असल्या वचनाची किंमत त्याची त्याला ठाऊक होती.

दिवेलागणीला तो चुलीपुढे जेवायला बसला. गोजरा भाकरी थापत होती. परातीत तिच्या हातांचा थापथाप आवाज एका लयीत येत होता, आणि त्याच लयीत, वर न बघता, ती म्हणाली,

"मामंजी ऱ्हा म्हनत हुते."

त्याला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"ऱ्हा म्हनत हुते आक्कांना."

"तुला कसं कळलं?"

"त्यात काय कळायचंय? डोळ्यांत दिसतंय की." तिने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला. "सकाळी बाहीर जायचं हुतं त्यांना. बाम लावला त्या दिशी बी बाहीरच जायचं हुतं."

रंगनाथच्या हाताची बोटं ताटाच्या कडेवर थांबली. सहा महिने. ती दारात होती, चुलीशी होती, सूप घेऊन उभी होती, दर वेळी कुठेतरी दोन हातांवर होतीच.

"मग बोलली का नाहीस?"

गोजराने भाकरी उलटली. निखाऱ्यांजवळ नेऊन उभी केली. ती फुगली. उत्तर यायला हवं होतं, आलं नाही. आणि ते येईल म्हणून वाट बघताना त्याच्या ध्यानात आलं की लग्नाला नऊ वर्षं झाली, आणि ही बाई आपल्याशी काय काय बोलली ते आठवायला गेलं तर एक वाक्य आठवत नाही. पाणी ठेवलंय, तेल संपलंय, कोणी आलंय. त्यापलीकडे ती बोललीच नव्हती, की बोलली होती आणि तो मान हलवत होता? आक्का घरात नको म्हणून गप्प राहिली का ही? सासऱ्याने कधीकाळी फेकून मारलेलं ताट हिच्या मनात होतं का? की आपण काय करतो, कुठवर जातो, ते बघत होती, नुसती बघत… त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जाळाचा उजेड एका गालावर होता. इतकी वर्षं माणसांचे चेहरे वाचायला शिकवणारा तो, आणि त्याला तिथे काहीही वाचता आलं नाही. कोरी पाटी असती तर एक वेळ चाललं असतं. ही लिहिलेली होती, गच्च, दाट, आणि लिपीच त्याच्या ओळखीची नव्हती.

अण्णांना वारं गेलं ते अडुसष्टाव्या वर्षी. आज्ज्यालाही असंच गेलं होतं म्हणतात, पन्नाशीतच. आणखी अठरा-वीस वर्षांनी कधीतरी एका सकाळी आपली जीभ अशी आडवी पडेल, आणि बाजेशेजारी हीच बसलेली असेल. लोक हिला विचारतील, काय म्हणतायत? आणि ही सांगेल.

आताच बोलायला हवं. आजपासून. नीट, स्वच्छ, हिला आवडेल असं काहीतरी.

"भाकरी झकास झालीय," तो म्हणाला. अजून त्याने तुकडाही मोडलेला नव्हता.

गोजराने त्याच्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते त्याला सांगता आलं नसतं.

"व्हय," ती म्हणाली.

तो पुढे झुकला, श्वास रोखून, आणि त्या एका शब्दात काय होतं — राग, हसू, नुसताच होकार, की आणखी काही जे ती अजून बरीच वर्षं सांगणार नव्हती — ते शोधत राहिला. भाकरी ताटात निवत गेली तरी शोधत राहिला.